चुना-गुळाचं लिंपण

चुना भिजवल्याचा वास आला की मला कामरगावची आमची मोरी आठवते. सत्तरनंतरची गोष्ट, मोरीचं सांडपाणी गल्लीतून थेट विहिरीकडे जायचं आणि पाणी भरणाऱ्या बाया आईला रोज ऐकवायच्या. म्हणून बाबांनी अंगणात शोषखड्डा खणला, त्यात दगड-रेती भरली आणि वर बसवायला नवं मडकं आणून त्याच्या तळाला भोक पाडलं. मडक्यात काथ्या कोंबला की घाण वरच अडते आणि पाणी खाली जिरतं, असं ते सांगत. दुसऱ्या दिवशी मडकं बसवलं, आमच्या आंघोळी झाल्या, आणि पाणी काठावरून उसळून पुन्हा विहिरीच्या वाटेला लागलं. बाबांनी मडकं उपसून उलटं केलं, तर भोक चुना-गुळानं पक्कं बुजवलेलं. “अवं, हे काहून बुजवलं?” बाबा ओरडले. “मंग काय करू?” आई म्हणाली, “मले वाटलं, कुंभारानं तुमाले गळकं मडकं देलं.” बाबा चिखलातच बसून हसत सुटले. मग खिळ्यानं भोक मोकळं करायला गेले, तर मडक्याचेच तुकडे झाले. त्यातला तळाचा तुकडा अजून माझ्याकडे आहे. आई-बाबा दोघंही गेले, आईचं लिंपण मात्र सुटलेलं नाही.