माहेरच्या गाडीचे शॉकअप

लातूरच्या डॉक्टरीणबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "न्या नांदेडला, हरकत नाही. फक्त गचके बसू देऊ नका."

लातूरला दिलेल्या लेकीला सातवा महिना लागला होता. मागच्या खेपेला तिसऱ्यातच सगळं संपलं होतं, त्यामुळे 'गचके' हा शब्द माझ्या पोटात जाऊन बसला. दुसऱ्या दिवसापासून नांदेडातल्या आमच्या घरापासून मी शिकवतो त्या शाळेपर्यंतचे सगळे स्पीडब्रेकर मला पाठ झाले.

तेवढ्यात व्याह्यांचा फोन आला. "जयभीम. आमची नवी गाडी आहे, आम्हीच आणून सोडतो तिला."

शहाण्या माणसानं हो म्हटलं असतं. मी म्हणालो, "छे छे. पहिल्या बाळंतपणाला न्यायला माहेरची गाडी आली पाहिजे."

फोन ठेवला तेव्हा बायको माझ्याकडे बघत होती. माहेरच्या गाडीचं वय सतरा वर्षं होतं, आणि पुढच्या डाव्या चाकातून ती चार महिने खट् खट् करत होती. मी रेडिओ मोठा करून ते भागवत होतो.

गॅरेजवाल्या चाचांनी जॅक लावला, चाकामागे पहार घालून दाबली. आत काहीतरी खुळखुळलं.

"सर, हा लोअर आर्मचा गोळा. चाक ह्याच्यावर उभं हाय. हा निसटला की चाक झोपतंय."

"झोपतंय म्हणजे?"

चाचांनी आपला तळहात उभा धरला आणि हळूच आडवा केला.

घरी जाईपर्यंत मला प्रत्येक वळणावर तो तळहात दिसला. रात्री जेवताना बायकोनं भाकरी वाढायला हात पुढे केला, तरी मी दचकलो.

चाचांनी सांगितलं होतं, दोन्ही लोअर आर्म आणि गचके झेलणारे चारी शॉकअप बदला, सामान तुम्हीच बघून आणा. बघून आणा म्हणजे काय बघायचं, हे विचारायला मला लाज वाटली. पंचवीस वर्षं मुलांना 'शंका विचारा रे' म्हणत आलेला मी माणूस.

दुकानदारानं लोअर आर्म कंपनीचेच दिले. शॉकअपचे मात्र तीन प्रकारचे खोके काउंटरवर ठेवले.

"जायचं कुठं?"

"लातूर."

"माणसं किती?"

"साडेतीन," मी गंभीरपणे म्हणालो.

त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि तिसरा खोका पुढे सरकवला. "मग हे न्या. एकदम मजबूत. ह्याच मॉडेलच्या गाडीत ट्रिपा मारणारे लोक बारा-बारा माणसं कोंबतात, टपावर पोती. तरी हे शॉकअप दबत नाहीत."

घाबरलेल्या माणसाला 'मजबूत' ऐकू आलं की पुढचं ऐकू येत नाही. बारा माणसांना पुरतं ते साडेतीनला पुरणारच, असं गणित मी केलं. गणित माझाच विषय.

चाचांनी खोका उघडून पाहिला. "कडक आणले, सर."

"मजबूत आहेत ना?"

"मजबूत तर हाय. बसवतो."

गाडी दारात आणली तेव्हा बायको पाण्यानं काठोकाठ भरलेली कळशी घेऊन मागच्या सीटवर बसली. "लेकीला बसवायच्या आधी मी बसून बघते. चला."

पहिल्याच स्पीडब्रेकरला गाडी उडाली. दुसऱ्याला माझं डोकं टपाला लागलं. रेल्वे फाटकावरून परत वळलो तेव्हा कळशी निम्मी झाली होती आणि बायकोची साडी गुडघ्यापर्यंत ओली. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "अहो, ही कळशी सातव्या महिन्याची आहे असं समजा."

मी बायकोला दारात उतरवलं.

मी तसाच चाचांकडे गेलो. ते म्हणाले, "मी तवाच बोलणार होतो. पण तुम्ही सर लोक, ठरवूनच आणलेलं. ते शॉकअप बारा माणसं बसल्यावर नरम चालतात. आता एक तर नऊ माणसं आणखी बघा, नाही तर शॉकअप बदला."

साधे, कंपनीचे नरम शॉकअप बसवले. पुन्हा कळशी भरली, पुन्हा रेल्वे फाटक. ओंजळभर पाणी सांडलं. बायको म्हणाली, "चालतंय." तिनं तसं म्हटलं म्हणून माझी भीती गेली असं नाही. मला तर आता पाण्याचा तांब्या बघितला तरी धडकी भरत होती.

लातूरहून निघताना व्याह्यांनी बॉनेट दोनदा दाबून पाहिलं आणि बाजूला झाले. लेक मागे आईजवळ बसली. मी पस्तीसच्या वर जात नव्हतो. उसाच्या ट्रॅक्टरनं आम्हाला मागे टाकलं.

अहमदपूरच्या पुढे एका पुलाचं काम चालू होतं, म्हणून गाड्या खालून मातीच्या रस्त्यानं वळवल्या होत्या. समोरच्या ट्रकची धूळ उडाली आणि त्या धुळीत खड्डा आला. धाड् झालं. डोळ्यांसमोर चाचांचा तळहात आडवा झाला. मी स्टेअरिंग आवळून धरलं. चाक उभंच होतं.

"पप्पा, थांबवा."

मी कडेला एका लिंबाखाली गाडी घेतली. मागं वळून बघायची हिंमत होईना, म्हणून आरशात पाहिलं. लेकीनं दोन्ही हात पोटावर ठेवून डोळे मिटले होते.

"दुखून राहिलं का गं?" बायकोनं विचारलं.

"नाही. पण हलत नाहीये. सकाळपासून सारखं हलत होतं."

बायकोनं डब्यातून शेंगदाण्याचा लाडू काढून तिच्या हातात दिला. "खा. गोड गेलं की हलतंय."

लेक खात होती, आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो. एक एसटी गेली. एक टेम्पो गेला. व्याह्यांची नवी गाडी आत्ता इथं असती तर, हा विचार मी केला नाही असं सांगितलं तर खोटं होईल. लाडू अर्धा झाला आणि लेकीचा घास तोंडातच थांबला.

"मारली," ती म्हणाली.

"लाथ?"

"दोन मारल्या. तिसरी पण."

मी दार उघडून उतरलो. पाय लटपटत होते, म्हणून डाव्या चाकापाशी उकिडवा बसलो आणि आत वाकून बघायला लागलो.

लेकीनं खिडकीतून डोकं काढलं. "पप्पा, खाली काय बघून राहिलात? बाळ वर आहे."

मी लगेच उठलो नाही. टायरला हात टेकून जरा वेळ तसाच बसलो. गाडीचं मला काहीतरी कळतं, असं त्या दोघींना त्या दिवशी वाटलं असावं.