कंडम रायफल

आमच्याकडे एसटी जुनी झाली की ती कंडम होते. शाळेची खोली गळायला लागली की तीही कंडम होते, आणि मग ती पाडायची परवानगी येईपर्यंत पोरं व्हरांड्यात बसून पाढे म्हणतात. हा शब्द माझ्या तोंडात कायम असतो. पंखा कंडम, हातपंप कंडम, शिक्षण खातं तर जन्मापासूनच कंडम. माणसाला मात्र मी तो कधी लावला नव्हता. माझ्या नवऱ्याने तो स्वतःला लावला, तेव्हा आम्ही दोघं जळगावात बंदुकांच्या दुकानात उभे होतो.

हे फौजेत होते. बर्फात पाय घसरून गुडघा गेला, मग दवाखाने झाले, मेडिकल बोर्ड झाला आणि पेन्शन देऊन घरी पाठवलं. अमळनेर स्टेशनवर उतरले तेव्हा गल्लीने ढोल-ताशे लावले होते. शाली, नारळ, फेटे, पुढाऱ्यांची भाषणं, सगळं यथासांग पार पडलं. शालींचा ढीग कपाटात गेला आणि हे ओट्यावर बसले. सुरुवातीला लोक यायचे, सीमेवरच्या गोष्टी विचारायचे. नंतर विचारणारे कमी झाले, कारण कापूस वेचायला आला होता आणि लोकांना कामं होती.

मग हे बोलायचे थांबले. एकदम नाही, हळूहळू. आधी पेपर वाचणं सुटलं, मग दाढी, मग जेवताना मीठ कमी-जास्त सांगणं. मुलगी शिरपूरला वसतिगृहात राहून शिकते, तिचा फोन आला तरी दोन शब्द बोलून माझ्या हातात द्यायचे. एकदा मी भाकरी वाढत असताना म्हणाले की मी नसलो तर तुमचं काही अडणार नाही, अर्धी पेन्शन तर मिळेलच. मी तव्यावरून मान न उचलता म्हटलं, आधी ही भाकरी संपवा.

धुळ्याला अशा आजाराचे एक डॉक्टर आहेत. अमळनेरात कुणी पाहिलं तर गावभर बोभाटा, म्हणून मी धुळं शोधलं. दर आठवड्याला विषय काढायची. दर आठवड्याला एकच उत्तर यायचं, मी येडा नाही. माझा स्वभाव तापट, मी चिडायची, भांडी आपटायची. भांडी आपटून आजवर कुणाचा आजार गेला असेल तर मला कळवावं.

अशात एका ओळखीच्या माणसाने बातमी आणली. बँकेच्या दारावर, रोकड नेणाऱ्या गाडीवर माजी फौजी हवे असतात, आणि स्वतःची परवान्याची बंदूक असली तर पहिला मान त्याचा. त्याने बजावून सांगितलं होतं की दुनळीच घ्या, बारा बोअरची, एजन्सीला तीच चालते. हे ऐकून ह्यांनी कित्येक दिवसांनी दाढी केली. मला वाटलं, चला, देव पावला. एवढी वर्षं सरकारची बंदूक खांद्यावर वागवली, पण स्वतःची अशी ही पहिलीच. अर्जात कोणतं हत्यार ते लिहावं लागतं, म्हणून आधी बघून येऊ असं ठरलं. मीही शाळेत रजा टाकून बरोबर निघाले. पॅसेंजरमध्ये ह्यांनी माझ्यासाठी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या. एवढ्याशा गोष्टीने मला किती बरं वाटलं, ते सांगायलाही आता लाज वाटत नाही.

दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा. त्याने नवी कोरी दुनळी काचेवर ठेवली. ह्यांनी ती हातात घेतली, उघडली, मिटवली आणि परत ठेवली. मी भाजीवालीकडचं वांगं अशीच ठेवते, घ्यायचं नसलं की. मग ह्यांची नजर मागच्या भिंतीवर गेली. तिथे लाकडी दस्त्याची एक जुनी रायफल होती. दुकानदार म्हणाला की ती विकायला ठेवलेली आहे, मालक वारला, पोरांना नको. मूळची थ्री नॉट थ्री, फौजेतून कंडम होऊन निघालेली. ती गोळी आपल्यासारख्यांना कायद्याने चालत नाही, म्हणून नळी बदलून सिव्हिलसाठी केलेली. लाकूड मात्र जुनंच.

ह्यांनी ती घेतली आणि माझ्यासमोर एक वेगळाच माणूस उभा राहिला. पाठ सरळ झाली. बोल्ट मागे ओढला, आत रिकामं आहे ना ते आधी डोळ्याने आणि मग बोटाने पाहिलं, नळी जमिनीकडे ठेवली, मग खांद्याला लावली. एकही हालचाल चुकली नाही. अमळनेरच्या कॉलेजात एनसीसीत असताना ह्यांनी आयुष्यातली पहिली गोळी अशाच रायफलीने झाडली होती. खांदा काळानिळा पडला होता आणि तो काळानिळा खांदा मिरवत हे गावभर उघड्या अंगाने हिंडले होते, असं सासूबाई हसून सांगत. फौजेचं वेड लागलं ते तिथून. पुढे फौजेत दुसऱ्या बंदुका मिळाल्या, पण जीव हिच्यावरच.

दुकानदार म्हणाला, साहेब, नोकरीसाठी घेताय ना, मग ही काय कामाची, दुनळी घ्या. ह्यांनी दस्त्यावरून हात फिरवला आणि हसले.

"हाई कंडम, मी बी कंडम," ते म्हणाले. "जोडी जमनी."

दुकानदारही हसला. कंडम म्हणजे निकामी नव्हे साहेब, म्हणाला, कंडम म्हणजे सरकारला नको. माझ्याच्याने हसवलं नाही. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले आणि धरणगाव येईपर्यंत मनाशी ताळा करत राहिले. नोकरीला दुनळी लागते, हे ह्यांना माहीत होतं. रायफल नोकरीला चालत नाही, हेही माहीत होतं. तरी अर्जात रायफलच लिहिणार म्हणाले. जिथून आयुष्याला सुरुवात केली तीच वस्तू ह्यांना हवी होती, आणि नोकरीचं नाव परतीच्या वाटेत त्यांनी एकदाही काढलं नाही. बातमी ऐकून केलेली दाढी नोकरीसाठी नव्हती. ही बंदूक कशासाठी हवी आहे, ते मला त्या गाडीत कळलं.

घरी आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आनंद झाला. खंडेनवमीला आमच्या पूजेच्या पाटावर विळा, पहार आणि कुऱ्हाड असते. आबांना तिथे बंदूक हवी होती. अर्ज गेला त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. मी आबांसमोर बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून डोक्यावर पदर आणि तोंड बंद, ही आमच्याकडची रीत. शाळेत माझ्या आवाजाने शेजारचा वर्ग गप्प बसतो आणि घरी मी आबांना चहा झाला हे सांगायलाही सासूबाईंना पुढे करते. कुणी हसो, पण रीत ती रीत.

पुढे चौकशीला पोलीस आला. आबांनी त्याला ओट्यावर खाटेवर बसवलं, चहा मागवला. शेजारचे दोघं येऊन बसले. हे बाजूला उभे. माणूस भला होता, क्रमाने विचारत होता. दारू आहे का, भांडणं आहेत का, भाऊबंदकीत वाद आहे का. मी दाराआड उभी होते. मग त्याने आत मान वळवून विचारलं, ताई, घरात बंदूक यायला तुमची काही हरकत?

माझ्या जिभेवर शब्द होता. समोर आबा होते, शेजारी होते, हे होते. पदर आणखी पुढे आला.

"तिले काय इचारतस भाऊ?" आबा म्हणाले. "तिनी काय हरकत ऱ्हाई?"

पोलिसाने क्षणभर वाट पाहिली, मौन म्हणजे संमती म्हणाला, आणि पत्नीची हरकत नाही असं मोठ्याने म्हणत लिहून घेतलं. आमच्या गल्लीत सुनेचं गप्प राहणं म्हणजे मान. कागदावर गेल्यावर त्याचा अर्थ असा होतो. मी आत जाऊन कणिक मळायला घेतली आणि मला इतका राग आला की परातीचा काठ हातात रुतला. आबांचा राग, त्या पोलिसाचा राग, माझ्या पदराचा राग. ह्यांचा तर सगळ्यात जास्त, कारण ह्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी न जाता थेट पोलीस ठाण्यात गेले. साहेबांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, काल तुमच्या माणसाने चुकीचं लिहिलंय, माझी हरकत आहे. साहेबांनी बसायला सांगितलं. मारतात का, विचारलं. नाही. पितात का? नाही. मग?

"त्यांना जगायचा कंटाळा आलाय," मी म्हटलं. "अशा माणसाच्या हातात बंदूक देऊ नका."

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, बाई, फौजी माणूस आहे, आयुष्य बंदुकीसोबत काढलंय. मी म्हटलं, तेव्हा आजूबाजूला पलटण होती साहेब, आता मी शाळेत गेले की हे घरात एकटे असतात. साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला. माझं म्हणणं त्यांनी लिहून घेतलं आणि मी खाली सही केली.

परवाना नाकारला. गावात अशी गोष्ट कशी फुटते ते विचारू नये, फुटते. बायकोने नवऱ्याला वेडा ठरवला, असं बायका नळावर बोलल्या, मला ऐकू येईल अशा बेताने. आबांनी माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं. सासूबाई मध्ये तांब्या धरायच्या. त्यांचंही चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांच्या मुलाची गावात शोभा झाली होती. आणि हे? हे ओरडले असते तर मी सुटले असते. ह्यांनी आपली गादी पुढच्या खोलीत नेली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

एका जिनिंग कारखान्याच्या फाटकावर ह्यांना काठी घेऊन उभं राहायची नोकरी लागली. कापसाच्या गाड्या आत सोडायच्या, बाहेर सोडायच्या. मी शेतातल्या फवारणीचं औषध घरातून काढून शेजारच्यांच्या खळ्यात कुलपात ठेवलं. शाळेत मधल्या सुट्टीत जिनिंगला फोन करायची, फाटकावर कोण आहे एवढंच विचारायची आणि ठेवून द्यायची. तिकडचा माणूस वैतागायचा. वैतागू दे. असा तो अख्खा हिवाळा गेला आणि उन्हाळाही तापला. ह्यांच्या अंगावरचं मांस उतरत होतं. मी बंदूक थांबवली होती, आजार थांबवला नव्हता, आणि हे मला पुरतं कळत होतं. झोप लागेना झाली, वर्गात पोरांवर विनाकारण खेकसायला लागले.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. मुलगी शिरपूरहून आली, घरात जरा आवाज झाला. आखाजीला आम्ही पितरांची घागर भरतो. नवी मातीची घागर, त्यात पाणी, वर खरबूज, सांजोऱ्या. आबा एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेऊन पाणी सोडतात. त्या दिवशी हे आबांच्या शेजारी बसले होते. आबा नावं घेत होते, पणजोबा, आजोबा, अकाली गेलेला एक काका, म्हणजे आबांचा भाऊ. काकाच्या नावाशी आबांचा आवाज फाटला, दरवर्षीच फाटतो. हे आबांच्या तोंडाकडे बघत होते. मी चुलीपासून ते पाहिलं.

जेवणं झाली. आबा माजघरात आडवे झाले, मुलगी झोक्यावर गेली. मी मोरीत भांडी घासत होते. हे आपलं ताट घेऊन आले. कित्येक महिन्यांत असे आले नव्हते. ताट खाली ठेवलं नाही, हातात धरूनच उभे राहिले.

"ती बंदूक कोणासाठे लेवानी व्हती," ते म्हणाले, "हाई तुले कसं कयनं?"

मला रडू फुटलं. पदर नाही, आवाजाची लाज नाही, पलीकडे आबा आहेत याचं भान नाही. राखेच्या हाताने तोंड झाकून मी मोठमोठ्याने रडले. इतके दिवस माझं चुकलं असेल, ह्यांना ती बंदूक स्वतःवर चालवायची नसेल, अशी एक आशा मी मनात धरून बसले होते. ती गेली. माजघरात खाट करकरली. आबा उठून दारात आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते चौकट धरून उभे राहिले.

ह्यांनी ताट खाली ठेवलं आणि दुखरा गुडघा कसाबसा वाकवून माझ्याशेजारी ओल्या फरशीवर बसले.

"धुळ्याले कधी जानं शे," ते म्हणाले, "तेवढं सांग."