आधुनिक माणसाला जेवायला कोणी वाढलं?

तुमच्या महिला मंडळात कधी प्रोफेसर बोलावलाय का हो? आम्ही बंगळूरच्या बसवनगुडीत बोलावला होता, पन्नास-साठच्या दशकांत. रद्दी निदान दुकानदार तरी नेतो, किस्से मात्र घरात साठतच राहतात, म्हणून सांगते!

प्रोफेसर म्हणजे आमच्या शेजारचे अण्णा. दर गुरुवारी ते ‘आधुनिक समाज’ समजावून सांगायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, “आधुनिक माणूस घर सोडून जगात बाहेर पडला.”

आमच्या मंडळातल्या राधाबाईंनी हात वर केला. “जेवून पडला ना? मग वाढलं कोणी, तेही पुस्तकात लिहा की!”

*

पुढच्या गुरुवारी यंत्रांवर व्याख्यान. “नळ आला, स्त्रीचे कष्ट वाचले!”

मी भीतभीत म्हटलं, “अण्णा, विहिरीवर चौघीजणी भेटायचो. आता नळाशी मी एकटीच असते.”

अण्णांनी ते वहीत टिपून घेतलं. मला फार बरं वाटलं. मॅट्रिकच्या परीक्षेनंतर माझं उत्तर कोणी लिहून घेतलं नव्हतं!

*

एकदा अण्णा सूट-टाय घालून आले आणि म्हणाले, “समाज बदलतो, तेव्हा परंपरा स्त्रियाच जपतात.”

“सरी, बरं तर!” राधाबाई कानडी मिसळून म्हणाल्या. “आता आळीपाळीनं जपू. या वर्षी सोवळं तुम्ही नेसा, सूट आम्ही शिवतो!”

अण्णाही हसले. माणूस चांगला होता.

*

अण्णांच्या घरात त्यांची विधवा वहिनी होती, गंगाक्का. टायपिंगची परीक्षा पास झालेली. एका ऑफिसातून तिला नोकरीची ऑर्डर आली. शुक्रवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. अण्णा रोज म्हणत, “बघू, वहिनी. लोक काय म्हणतील?” बघता बघता गुरुवार उजाडला.

त्या दिवशीचा विषय होता ‘व्यक्ती’. अण्णा रंगात आले होते. “आधुनिक काळात व्यक्ती आपला निर्णय आपण घेते. कुणाच्या परवानगीची वाट पाहत नाही!”

मागच्या सतरंजीवरून गंगाक्का उठली. आजवर एक शब्द बोलली नव्हती. पदर सावरत म्हणाली, “भावजी, एक विचारू? त्या व्यक्तींत मी धरली आहे का?”

चाळीस बायका अण्णांकडे बघत राहिल्या. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“अर्थात, वहिनी,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता गंगाक्का ऑफिसात हजर झाली.