पंक्चर न झालेली गाडी: अमरावती, चिखलदरा, अकोला

थंडीत वऱ्हाडात जा, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. उन्हाळ्यात जाऊ नकोस, एवढं मात्र सगळ्यांनी सांगितलं. मी पुण्यात एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते. डिसेंबरच्या सुरुवातीला चार दिवसांची रजा जोडून मिळाली आणि लक्षात आलं, की महाराष्ट्राच्या नकाशात अकोल्याच्या पुढे मी कधी गेलेलेच नाही. अमरावतीचं तिकीट काढलं. सोबत कुणी नव्हतं. मी एकटी फिरते, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे.

शुक्रवारी सकाळी अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरले. ओळखीतून ठरवलेले गाडीवाले वासुदेवभाऊ फलाटाबाहेर उभे होते. पन्नाशीचे, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. मूळचे वलगावचे, घरी भाऊ भाजीपाला आणि झेंडू करतात, हे गाडीवर. सात आसनी गाडी, चौदा रुपये किलोमीटर, शिवाय मुक्कामाचे रोजचे तीनशे. मी एकटीच आहे हे पाहून त्यांनी विचारलं, "बाकीचे?" नाही म्हटल्यावर त्यांनी माझी बॅग उचलली आणि म्हणाले, "बरं हाय. सीट खराब नाही होत."

पुणेरी कानांना हे जरा लागतं. दुपारपर्यंत सवय झाली.

पहिला दिवस अमरावतीतच घालवला. दह्या-चटणीत भिजलेला गिला वडा खाल्ला, चाळीस रुपयांत पोट भरलं. सांबारवडी मागवताना मी वाटीत सांबार येईल म्हणून थांबले होते. आली ती कोथिंबीर ठासून भरलेली तळलेली वडी. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. वासुदेवभाऊ समोर बसून हे सगळं शांतपणे बघत होते. "सांगतलं असतं," म्हणाले, "पन तुमी लय भरोशानं बसल्या होत्या."

शनिवारी चिखलदऱ्याला निघालो. वलगाव सोडलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन, फुललेली तूर आणि मधूनमधून पांढरा कापूस. परतवाड्याच्या अलीकडे रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग लागले होते. तीस रुपये किलो. परतवाड्याला डिझेल भरून घ्या, पुढे घाट आहे. एसटीनेही येता येतं, परतवाड्याहून जीपही मिळतात, पण वर पॉइंट लांबलांब आहेत. स्वतःची गाडी असलेली बरी.

पंपावर गाडी थांबली तेव्हा मी मागे चक्कर मारली. मागच्या काचेवर खरवडून काढलेली अक्षरं होती. 'गोवा' एवढं अजून वाचता येत होतं.

"गोव्याला नेता का तुम्ही?" मी विचारलं.

"नेत होतो."

"एवढ्या लांब?"

"सतरा-अठरा तास लागत. समुद्र पाह्याले नाही जात लोक. बोटीवरच्या कॅसिनोत जात."

मी खरंच चकित झाले. गोव्यातले कॅसिनो मला नदीतल्या झगमगत्या बोटी म्हणून माहीत होते. वलगाव-परतवाड्याहून माणसं जुगार खेळायला तिथवर जात असतील, हे डोक्यात कधी आलं नव्हतं. घाटभर मी विचारत राहिले. कोण जायचं? व्यापारी, ठेकेदार, नोकरदार, मास्तर. घरी काय सांगायचे? कुणी देवदर्शन, कुणी लग्न, कुणी ट्रेनिंग. तुम्ही खेळलात? "एकदा बी नाही. मले माणसामागे कमिशन भेटे. मी काठावर गाडीत झोपत होतो."

वर पोहोचलो तेव्हा दरीत धुकं होतं. गाविलगडाचा दरवाजा पाहिला, कॉफीची झाडं पाहिली. दुपारी उन्हात बसून रबडी खाल्ली. इथली रबडी चुकवू नका. दूध गवळ्यांचं, साखर बेताची. तिथेच वासुदेवभाऊंनी मला प्रकाश सरांचं सांगितलं. मी नुसतं विचारलं होतं, की ट्रिपा बंद का केल्या.

प्रकाश सर अकोल्यात फिजिक्सचे क्लास घ्यायचे. मित्रांबरोबर एकदा गेले, मग दर महिन्याला. बायकोला, रेखावहिनींना, पेपर तपासायच्या कॅम्पला वासुदेवभाऊंच्या गाडीने जातो म्हणून सांगायचे. चौथ्या की पाचव्या खेपेला, सर बोटीवर असताना, दुपारी वासुदेवभाऊंचा फोन वाजला. रेखावहिनी होत्या. मुलीचं, मृणालचं, अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन करायचं होतं आणि सर फोन उचलत नव्हते.

"मग तुम्ही काय केलं?"

"जेट्टीवरच्या मानसाच्या हाती निरोप धाडला. सरांचा उलटा निरोप आला, आलोच. मी वहिनीले सांगतलं, निघालो आमी, गाडी पंक्चर झाली, उशीर होईन."

"आणि सर?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी उतरले."

अकोल्याला पोहोचेपर्यंत ऑपरेशन होऊन तिसरा दिवस लागला होता. मुलगी वाचली. वडिलांशी बोलायची बंद झाली.

"त्यानंतर ट्रिपा बंद केल्या," मी म्हणाले.

"नाही." त्यांनी द्रोण खाली ठेवला. "त्याच्यानंतर तीन केल्या. खोटं कावून बोलू. बुकिंग झालं होतं, नेलं मी. तिसऱ्या ट्रिपले दुसऱ्याच एका मानसाच्या घरून फोन आला. उचलायच्या आंधीच काय सांगाचं ते माह्या तोंडात तयार होतं. तवा भेव वाटलं."

ते उठून गाडीची काच पुसायला लागले.

रविवारी चिखलदऱ्याहून खाली उतरून परतवाडा, अंजनगाव, अकोट करत अकोल्याला निघालो. अंजनगावच्या आसपास पानपिंपळीचे, म्हणजे औषधी पिंपळीचे, मळे आहेत. आडोशाला झाडं आणि त्यांच्या सावलीत वेल. एका शेतकरीण बाईंनी मला आत नेऊन दाखवलं. पिंपळीचं बोंड चावलं तर जीभ पाच मिनिटं बधिर. अकोट सोडल्यावर पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीचं पाणी खारट लागतं; चहाच्या टपरीवरही लागलं. पाण्याची बाटली जवळ ठेवा.

"अकोल्याला जेवाले एका मेसमध्ये नेतो," वासुदेवभाऊ म्हणाले. मागे भाजीचं पोतं होतं, सकाळीच परतवाड्यात त्यांच्या भावानं आणून दिलेलं. "रेखावहिनीची हाय. अकोल्याचं भाडं लागलं की पोतं आणतो. गेटात ठेवतो, पैसे पोट्टे आणून देतात. आत नाही गेलो कधी. दोन वर्षं झाली." बराच वेळ गाडी चालवून ते पुढे म्हणाले, "आज तुमच्यासंगं जाईन म्हंतो."

मी सोबत आहे म्हणून त्यांना आत जाणं सोपं वाटत होतं, हे मला कळलं. अवघडल्यासारखंही झालं. आणि लपवत नाही, उत्सुकताही होती.

कोचिंग क्लासच्या गल्लीतलं जुनं बसकं घर. पडवीत पंगत मांडलेली, बाहेरगावहून शिकायला आलेली पंधरा-वीस मुलं जेवत होती. रविवार म्हणून रोडगे (निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे जाड गोळे), वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. शंभर रुपये, पोटभर. रेखाताई उंच, कपाळावर घाम, हातात तुपाची वाटी. मला बघून हसल्या. माझ्यामागे वासुदेवभाऊ दिसले तेव्हा फक्त "बसा" म्हणाल्या.

पंगतीच्या टोकाला पांढऱ्या शर्टातले एक चष्मेवाले गृहस्थ जेवत होते. वासुदेवभाऊ माझ्याकडे झुकून म्हणाले, "तेच सर." ते आता अकोटला भावाकडे राहतात, हे मला नंतर कळलं. दर रविवारी एसटीने येतात, मुलांसारखेच शंभर रुपये देऊन जेवतात आणि जातात. रेखाताई वाढतात. बोलणं कामापुरतं.

मी सरांच्या शेजारी बसले. पुण्याहून आले, फिरते, लिहिते, असं सांगितलं. वासुदेवभाऊंबरोबर आले म्हटल्यावर तेच म्हणाले, "मग तुम्हाला माहीत असेल माझं."

"थोडंसं. एक विचारू?" ते थांबले. "तुम्ही फिजिक्स शिकवता. शेवटी जिंकणार कोण हे तुम्हाला गणितानं कळतच असेल ना?"

"कळत होतं. फळ्यावर सोडवूनही दाखवलं असतं." त्यांनी रोडगा मोडून वरणात कालवला. "लोकांना वाटतं हा माणूस पैशासाठी जात होता. पहिल्या दोन वेळा असेल. पण माझं सगळं ठरलेलं होतं. सहाची बॅच, आठची बॅच, तोच धडा, तोच विनोद, पोरंही त्याच जागी हसणार. तिथं चाक फिरायला लागलं की पुढचं काय ते मला माहीत नसायचं. ते संपूच नये वाटायचं. पोरगी ऑपरेशनच्या टेबलावर आहे हा निरोप माझ्या हातात होता. वाचला मी तो. आलोच म्हणालो, आणि मला खरंच वाटत होतं की मी निघालोय."

त्यांनी सहानुभूतीसाठी सांगितलं नाही. तक्रारीचा सूरही नव्हता. साधा फोन आहे, वर्षभर बोट पाहिलेली नाही, क्लास बंद झाले, आता भावाच्या दुकानात बसतो, हे सगळं त्याच आवाजात सांगून त्यांनी ताट उचललं, स्वतः घासलं आणि एसटी गाठायला निघून गेले.

मुलं पांगली. रेखाताई पडवी पुसायला बसल्या तेव्हा वासुदेवभाऊ उभे राहिले.

"वहिनी, एक सांगाचं होतं. त्या दिवशी गाडी पंक्चर नव्हती झाली. सर बोटीवरून उतरलेच नव्हते."

रेखाताईंचा हात थांबला नाही. "माहीत हाय. त्यायनंच सांगतलं मले. महिन्याभरानं."

"मग माही भाजी कावून घेत होत्या?"

"भाजी चांगली असते म्हनून." फडकं बादलीत पिळून त्या उभ्या राहिल्या. "भाऊ, तुमी मले खोटं सांगतलं, त्याचं मले तेवढं नाही. पोरगी तिथं पडून होती. बाबा कुठी आहेत, बाबा कुठी आहेत. मी तिले म्हनलं, निघाले बेटा, गाडी पंक्चर झाली. ती दर घंट्यानं विचारे, झाली का दुरुस्त. तुमचं खोटं माह्या तोंडून गेलं. तिले वाटते, मले सारं माहीत होतं अन् मी बापाले झाकत होती. किती सांगतलं तरी तिले आता माहं बी खरं वाटत नाही. सुट्टीत घरी येत नाही ती."

वासुदेवभाऊंनी त्यांच्या पायाशी असलेली बादली उचलून बाजूला ठेवली.

"हे मले सांगून काही होत नाही," त्या म्हणाल्या. "तिले सांगा."

मृणाल अमरावतीला नर्सिंगला आहे, होस्टेलवर राहते. आम्हाला सोमवारी तिकडेच जायचं होतं. माझी पुण्याची रेल्वे संध्याकाळी होती. रात्रीचा मुक्काम अकोल्यात स्टेशनजवळच्या लॉजवर केला. नऊशे रुपये, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच.

सकाळी मूर्तिजापूरमार्गे निघालो. हमरस्ता चांगला आहे, दोन तास पुरतात. वासुदेवभाऊ एरवी गावागावाची माहिती द्यायचे. त्या दिवशी फक्त एकदा बोलले: "ती पोट्टी मले काका म्हने."

होस्टेलच्या फाटकाशी गाडी लावली. मी आतच बसणार होते, पण ते म्हणाले, "या." मृणाल गणवेशातच आली. वडिलांचाच चष्मा, आईची उंची. वासुदेवभाऊंना ओळखल्यावर तिच्या कपाळाला आठी पडली.

त्यांनी इकडचं-तिकडचं बोलणं काढलं नाही. "मृणाल, पंक्चरचं मी सांगतलं होतं. माह्या मनानं. तुह्या आईले खरं काय ते माहीत नव्हतं. तिले मी फसवलं, अन् तिच्यातून तुले."

मागे दोन मुली हसत फाटकातून आत गेल्या.

"आईला माहीत नव्हतं?"

"नाही. तिले महिन्याभरानं कळलं."

"ती सांगत होती मला." ती हे आमच्याकडे न बघता म्हणाली. मग वासुदेवभाऊंना म्हणाली, "काका, दोन वर्षं लागली तुम्हाला हे सांगायला?"

तिने थोडी वाट पाहिली, ड्युटी आहे म्हणाली आणि आत गेली. माफ केलं असं काही ती बोलली नाही.

स्टेशनवर सोडताना मी हिशोबाचे पैसे दिले, ते त्यांनी न मोजता खिशात टाकले. "तुमाले फिराले आणलं अन् काय काय दाखवलं," म्हणाले. मी म्हटलं, मीच विचारत होते.

पुण्याला येऊन आता पंधरा दिवस झाले. नावं बदलली आहेत आणि चौघांनाही विचारूनच हे लिहिलंय. रेखाताई म्हणाल्या, लिहा, रोडग्यांचंही लिहा. चिखलदरा सुंदर आहे, थंडीत जरूर जा, रबडी खा. पण रोज सकाळी ग्रंथालयाचं कुलूप काढताना मला सर आठवतात. तीच कपाटं, तेच तास, तोच मुलांचा गलका. पुढचं काय ते माहीत नसावं, यासाठीच तर मी पिशवी भरून निघते. आमच्यातला फरक काय, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं. मला सापडलेलं उत्तर साधं आहे: कुठे चालले ते मी घरी खरं सांगून निघते, आणि हाक आली तर परत फिरता येतं. सरांना फिरता आलं नाही. ते माझ्याहून वाईट आहेत म्हणून असं झालं, असं मात्र मला वाटत नाही.

परवा वासुदेवभाऊंचा फोन आला. मृणाल रविवारी अकोल्याला गेली होती. सर पंगतीत होते, त्यांच्याशी बोलली नाही. जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात आईजवळ बसून तिने सगळी भांडी विसळली, आणि संध्याकाळची बस सोडून मुक्काम केला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"वहिनीनं. पोतं घेऊन गेलतो. आतून आवाज दिला, या म्हने, चहा घ्या."