शकुनबाई जपानी सिनेमाला गेल्या तेव्हा

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी अहेरीच्या बाजारात सुकट घेत उभा होतो. लेकीकडे गेलो होतो. बाजाराच्या गलक्यात आधी काही ऐकूच येईना. मग आलं, ‘मास्तर आबाजी, आजी गेली... दुपारी जेवून पडली अन् उठलीच नाई.’ सुकटवाली विचारत होती, ‘गुरुजी, अजून टाकू का?’ आणि मी तिला हो हो म्हणत होतो. पिशवीभर सुकट घेऊन घरी आलो. लेक म्हणाली, ‘बाबा, एवढी कोण खाईल?’ तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

शकुनबाई म्हणजे प्रज्ञाची आजी, आणि आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवरची गाणारी बाई. दिवाळीनंतर धान घरात आलं की आमच्याकडे गावोगावी नाटकं लागतात, पाव्हणेरावळे येतात आणि अख्खं गाव नाटकाला बसतं. बाई गायच्या, मी पेटी वाजवायचो. ब्रह्मपुरीत आमची घरं एकाच गल्लीत. शाळेत मी मास्तर होतो, बाईंच्या पुढे मात्र माझी मास्तरकी कधी चालली नाही. ‘मास्तर, पेटी वाजवता का धान कांडता?’ असं चारचौघांत विचारायच्या. मी मुकाट ऐकून घ्यायचो. त्या आवाजापुढे तोंड कोण उघडेल!

आमचं पब्लिकही मोठं न्यारं. गाणं आवडलं की ‘वन्स मोअर’, आणि मागितलं की द्यायचंच, नाटक गेलं खड्ड्यात. एकदा नाटकातला बाप गाणं म्हणता म्हणता मेला, बाया पदर डोळ्याला लावून रडायला लागल्या, आणि मागून ‘वन्स मोअर’ आला. बाप उठला, गायला, परत मेला. बायाही परत तितक्याच रडल्या.

याच पब्लिकनं पुढे बाईंना दुखावलं. एका गावात त्या विरहाचं गाणं म्हणत होत्या आणि मागच्या पोट्ट्यांनी कल्ला सुरू केला, ‘गाणं नोको, डान्स पाठवा!’ बाईंनी कडवं अर्ध्यात सोडलं, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि आत निघून गेल्या. स्टेज सुटलं ते सुटलंच, घरातलं गाणंही बंद झालं. बुद्ध पौर्णिमेला विहारात सगळ्या बाया गात, आणि या ओठ मिटून टाळ्या वाजवत. मी कितीदा म्हटलं, ‘बाई, एक होऊन जाऊ द्या.’ ‘आता काय राह्यलं माह्यात, मास्तर?’ एवढंच उत्तर. खरं सांगतो, मला दुसरं काही नको होतं. दोघांपैकी एकजण जायच्या आधी तो आवाज एकदा ऐकायचा होता... बायको मला चिडवायची, ‘मार्कंड्याच्या महादेवाले नवस बोला, बाईले मागून काय होते!’

प्रज्ञा चंद्रपूरला कॉलेजात शिकते. तिला एका जपानी कार्टूनचं भयंकर वेड. तिची आई फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ते सुरू आहे म्हणे, आणि अजून संपायचं नाव घेत नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याचा सिनेमा आला. ‘आबाजी, यावेळी सगळे गाणेच गाणे आहेत. लोकं भांडून राह्यले त्याच्यावरून. अर्धे म्हणतात मस्त, अर्धे म्हणतात मारामारी कुठी गेली?’ गाणी म्हटल्यावर बाई यायलाच तयार नव्हत्या. मी म्हटलं, ‘बाई, चंद्रपूरच्या उन्हात पापड भाजून निघतो, आत एसी आहे. डोळे मिटून बसा.’ एसीच्या नावावर आल्या.

हॉलमध्ये कोणी निळे केस लावून आलेलं, कोणी अंगावर झूल पांघरून. मी म्हटलं, ही कोणती जत्रा! पण जुनं पात्र पडद्यावर आलं की पोट्टे असे उठून ओरडायचे की बाई सरसावून बसल्या. ‘पब्लिक चांगलं हाय मास्तर,’ म्हणाल्या. भाषा जपानी, खाली इंग्रजी अक्षरं, आणि मधे बसलेली प्रज्ञा दोघांच्या कानात गोष्ट सांगतेय. समुद्राकाठी एक मुलगी गाणं म्हणून धुक्यातल्या नावा घरी आणते, आणि तिच्या बापाची नाव तेवढी येत नाही.

तिसरं गाणं सुरू झालं आणि मागून आवाज आला, ‘अरे यार, फिर गाना! मारपीट कब आएगी?’ पाच-सहाजण हसले. बाईंची बोटं खुर्चीच्या दांड्यावर आवळली गेली. बाईंना पुन्हा त्याच गावात आणून बसवलं की काय मी! पण पडद्यावरच्या पोरीला काय त्याचं? ती गातच राहिली. हळूहळू हसणारे गप्प झाले. गाणं संपलं तेव्हा हॉलमध्ये कोणी खोकलंही नाही. आणि त्या शांततेत बाई उभ्या राहून ओरडल्या, ‘वन्स मोअर!’

सगळा हॉल वळून बघायला लागला. काहीजण खी खी करत होते. प्रज्ञा पदर ओढून ‘आजी, बस ना!’ म्हणत होती. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक निळ्या केसांची पोट्टी उठली, ‘वन्स मोअर!’ मग तिच्या मैत्रिणी, मग सगळेच, तो मारपीटवालाही. सिनेमा आपला पुढे चालला होता, आणि बाई उभ्याच. गाणं परत येईल याची वाट बघत. शेवटी बसल्या आणि पुटपुटल्या, ‘कसे लोकं आहेत हो! पब्लिक मागून राह्यलं अन् हे देऊन नाई राह्यले.’

परतीच्या एसटीत मूल गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंनी जंगल सुरू झालं, तेव्हा मी हिंमत केली. ‘बाई, राग नका मानू. पण मीही मागून राह्यलो, अन् तुम्हीही देऊन नाई राह्यल्या.’ बाईंनी खिडकीकडे तोंड केलं. सिंदेवाही गेलं, नागभीड गेलं. मला वाटलं, संपलं. ब्रह्मपुरीला उतरताना म्हणाल्या, ‘उद्या सकाळी पेटी काढून ठेवा. पण दार लावून घ्या.’

पेटी पुसून मी काळी चार दाबली. बाईंची जन्मभराची पट्टी ती, त्यांचा सा तिथेच बसायचा. त्यांनी सूर लावला आणि तो फाटला. परत लावला, परत फाटला. मी मान वर केली नाही. ‘पाह्यलं? म्हणून नाई म्हणत होती मी. पोट्ट्यांचं नुसतं नाव होतं हो... आवाजच उतरला माहा.’ इतकी वर्षं शेजारी राहून मला हे कळलं नव्हतं. मी एकेक स्वर खाली उतरत गेलो. काळी दोनवर बाईंचा सूर बसला. जड, रुंद, थोडा खरखरीत. शब्द नव्हते, नुसत्या आकारात त्या जपानी पोरीची चाल. तो जुना आवाज नव्हता, पण मला हाच जास्त आवडला. मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, ‘खोटं नोका बोलू, मास्तर.’ पण गालात हसल्या.

सारा पावसाळा त्या येत राहिल्या. पुढे पुढे दारही उघडं राहू लागलं. चालीवर स्वतःचे शब्द बसवले. ‘दिवाळी होऊ द्या, एखाद्या लहान्या गावात म्हणून पाहू,’ असं त्याच म्हणाल्या, मी नाही. दिवाळीच्या आधीच गेल्या.

आता सीझन लागला आहे. आमच्या नाटक कंपनीनं गायला नवी मुलगी घेतली, गुणी आहे, तालमीला माझ्याकडेच येते. ‘मास्तर, माही पट्टी काळी चार,’ असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. मला माहीत आहे. तरी भाता ओढला की बोट काळी दोनवरच जाऊन पडतं. पोरगी बिचारी थांबते. म्हणते, ‘मास्तर, खाली झालं.’ मी म्हणतो, ‘हो बाई, चढतो.’ पण लगेच चढत नाही. भाता सरेपर्यंत तो सूर घरात भरू देतो... आणि त्या सुरात कोणी गात नाही.