तीन बोटं ढिलं स्टिअरिंग

"तुझा हात अजून बसलेला नाही," नवरा म्हणायचा. मी निमूट ऐकून घ्यायचे, कारण कुवेतचं लायसन्स मिळून मला जेमतेम दोन महिने झाले होते आणि तो चार वर्षं आमची गाडी चालवत होता. गाडी अमेरिकन, दहा वर्षं जुनी. भारतात परत निघालेल्या एका इंजिनिअरकडून घेतलेली. बॉनेट एवढं लांबरुंद, की त्यावर चौघांचं जेवण मांडता आलं असतं.

मी फिजिओथेरपिस्ट. रोज हॉस्पिटलच्या बसने जायचे-यायचे. त्या वर्षी सबाह अल-सालेमला नवं क्लिनिक निघालं आणि तिथला फिजिओथेरपी विभाग सांभाळाल का, असं मला विचारलं गेलं. अख्खा विभाग माझ्या हाताखाली! पण तिथे बस जात नव्हती. नवरा तर पहाटेच रिफायनरीच्या गाडीने निघून जायचा. म्हणजे स्वतः गाडी चालवत जाणं आलं. उत्तर शनिवारी द्यायचं होतं.

"आधी हात बसू दे, मग बघू," नवऱ्याने निकाल दिला.

सलवातल्या आमच्या घरामागच्या रिकाम्या रस्त्यांवर मी दुपारी सराव करायचे. स्टिअरिंग थोडं वळवावं तर गाडीला पत्ताच नसायचा, अजून थोडं वळवलं की एकदम वळायची. सरळ रस्त्यावरसुद्धा मी नागमोडी जायचे. ज्या गाडीवर शिकले तिच्यात असं कधी झालं नव्हतं. हे मी बोलून दाखवलं, तर नवरा खो खो हसला. "नाचता येईना अंगण वाकडं!"

मला भयंकर राग आला. रात्रभर धुमसले. सकाळी मात्र राग जाऊन वेगळाच प्रश्न डोक्यात शिरला. अंगण खरंच वाकडं असलं तर? ते कुणी मोजून बघितलंय का?

गुरुवारी दुपारी मी हॉस्पिटलातली पांढरी चिकटपट्टी घेऊन गाडीत बसले. इंजिन चालू केलं, स्टिअरिंगवर एक तुकडा लावला आणि त्याच्यासमोर डॅशबोर्डवर दुसरा. खिडकीतून मान बाहेर काढून पुढच्या चाकाकडे बघत हळूहळू स्टिअरिंग फिरवलं. चाक हललं तेव्हा दोन तुकड्यांमध्ये तीन बोटांचं अंतर पडलं होतं. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेवढंच भरलं. एवढा आनंद मला परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता.

नवऱ्याने बघितलं आणि खांदे उडवले. "जुन्या गाडीत एवढा प्ले, एवढी ढिलाई असतेच. मला कुठे त्रास होतो?" तरी शुक्रवारी तो मला शुवेखच्या गॅरेजमध्ये घेऊन गेला, बहुधा माझं तोंड बंद करायला.

तिथला मिस्त्री म्हातारा पठाण होता. त्याने स्टिअरिंग इकडून तिकडे हलवलं आणि म्हणाला, "स्टिअरिंग बॉक्स का स्क्रू कस देता हूँ. दस मिनट में खलास."

नवरा खूश झाला. मला मात्र चैन पडेना. कुणाचा घोटा लचकत असेल तर आम्ही आधी गुडघा बांधून टाकतो का? सांधा ढिला आहे का हे बघताना एक बोट सांध्याच्या अलीकडे ठेवायचं, एक पलीकडे, आणि दुसऱ्याला पाय हलवायला लावायचा. दोन्ही बोटांना सारखंच कळलं तर सांधा ठीक. एक हललं आणि दुसरं मागून हललं, तर दुखणं तिथेच.

"चाचा, स्टिअरिंगपासून चाकापर्यंत किती सांधे आहेत?" मी हिंदीत विचारलं.

त्याने बोटांवर मोजले. मग माझ्याकडे बघून हसला. "डॉक्टर हो, बाजी? आओ, देख लो."

गॅरेजमध्ये गाडीखाली उतरून काम करायला खड्डा होता, गाडी त्यावर घेतली. नवऱ्याला वर बसवून स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं आणि मी सलवार खोचून त्या काळ्याकुट्ट खड्ड्यात उतरले. एकेका सांध्यावर बोटं ठेवत गेले. पहिला ठीक, दुसरा ठीक. उजव्या बाजूला, दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याला आधार देणारा एक आखूड लोखंडी हात होता. तिथे बोटं ठेवली आणि अंगावर काटा आला. दांडा बाजूला सरकायच्या आधी हा हात नुसताच वरखाली होत होता.

"चाचा, इथे!"

त्याने स्वतः बोट लावलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बॉक्स कसता तो स्टिअरिंग जाम होता, और बीमारी यहीं रहती." तो जुना हात काढून त्याने मला दाखवला. आतल्या रबराचा पार भुगा झाला होता.

नवा बसवून, चाकं सरळ करून आम्ही निघालो. गाडी अर्थातच नवऱ्याने घेतली. रिंग रोडला लागलो आणि गाडी झुलायला लागली. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. मागच्याने हॉर्न दिला. नवऱ्याच्या कपाळावर घाम आला. मी त्याच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात अखंड हलत होते, सरळ रस्त्यावरसुद्धा. चार वर्षं तो तीन बोटांची ती ढिलाई क्षणोक्षणी भरून काढत आला होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. आता ढिलाई नव्हती, हात मात्र थांबत नव्हते. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

त्याने गाडी कडेला घेतली, उतरला, बॉनेटला वळसा घालून माझ्या दाराशी आला.

"तू घे."

मी घेतली. सलवापर्यंत गाडी दोरीवर धरल्यासारखी सरळ गेली. मांडीवर ठेवलेली नवऱ्याची बोटं अजून थोडी थोडी हलत होती.

"क्लिनिकला हो म्हणून टाक," शेवटी तो हळूच म्हणाला.

"अहो, ते मी खड्ड्यातच ठरवलं," मी म्हटलं.