आधी भिंत, मग नातू

दिगंबर कुणाच्याही घरी गेला की बसण्याआधी भिंत ठोकून बघायचा. यजमान पाण्याचा तांब्या घेऊन ताटकळत, आणि हा भिंतीला कान लावून उभा. परतूरच्या शाळेपासूनचा माझा हा मित्र सरकारी इंजिनिअर झाला. किल्लारीच्या भूकंपानंतर त्याला तिकडे कामावर पाठवलं आणि तो डोक्यात भूकंप घेऊनच परत आला.

नेमका तेव्हाच मी जालन्यात बाळंतपणाचा दवाखाना बांधायला काढला. दवाखाना माझा, हट्ट याचा. खांबांच्या मधे त्याने लोखंडी फुल्या बसवायला लावल्या. प्रत्येक फुलीच्या मधोमध बोल्टने आवळलेल्या पट्ट्या. इमारत हलली की त्या एकमेकींवर घासत सरकणार आणि धक्का जिरवणार म्हणे. त्यापायी दसऱ्याचं उद्घाटन गुढीपाडव्यावर गेलं. मी चिडलो की हा शांतपणे म्हणायचा, "भूकंपात सगळं गाव तुझ्या दारात येईल, डॉक्टर. तव्हा तूच ढिगाऱ्याखाली असला, मंग?" अशा माणसाशी काय बोलायचं?

कहर झाला तो त्याची मुलगी आमच्याकडे बाळंत झाली तेव्हा. पेढे घेऊन आला आणि पाळण्याला वळसा घालून थेट भिंतीशी गेला. पट्ट्या सैल दिसल्या म्हणून रंगकामाच्या वेळी कुणीतरी आपणहून त्यांना वेल्डिंग मारून ठेवलं होतं, म्हणजे त्या आता सरकणारच नव्हत्या. मी म्हटलं, बाळंतिणी घरी जाऊ देत, मग बघू. त्याने ऐकलं नाही. एका कारखान्यातून वेल्डिंग कापणारा माणूस बोलावला, सगळ्या बायकांना व्हरांड्यात हलवायला लावलं, पहिली स्वतःची मुलगी. खोलीत ठिणग्या, बाहेर पोरांची रडारड. वहिनी नवऱ्याला काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही.

"बाबा, एकदा बघा तरी त्याला," मुलगी म्हणाली.

"त्याच्यासाठीच करून राह्यलो, बाई."

पट्ट्या मोकळ्या झाल्यावर हात धुऊन आला, नातवाला घेतलं आणि सगळ्यांदेखत रडला. "तिकडं किल्लारीला एका बाळंतिणीला ढिगाऱ्यातून काढलं डॉक्टर. जित्ती होती. पण दवाखानाच पडल्ता. न्यावं कुठं?" इतकी वर्षं हे त्याने मला सांगितलं नव्हतं, याचाही मला संताप आला.

पुढे तो झोपेतच गेला. जालन्यात तसा भूकंप काही आला नाही, येऊही नये. त्यामुळे त्याचं खरं की माझं, हा वाद तसाच राहिला आणि भांडायला तो राहिला नाही. या गोष्टीसाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही.